उजव्या नाकातली नथ

लग्नाच्या सकाळी पंचफुलाबाईंनी नथीची डबी उघडली आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला.

नथ जागेवर होती. मोती सगळे होते, मधला लाल खडाही होता. पण नाकात जाणारी तार उलट्या अंगाला वळलेली आणि मोत्यांचं तोंडही त्याच बाजूला फिरलेलं. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, तळहातावर उताणी-पालथी करून पाहिली.

"माय, हे काय झालं नथीले? तार इकडे कशी आली?"

आनंदाबाई पलंगावर बसून अक्षतांच्या तांदळाला कुंकू चोळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "फिरवून आणली."

"कोणं?"

"मी. आकांक्षा होती संगं. हिंगणघाटले डोमाजी सोनाराकडे गेलतो आमी."

"मले न इचारता?"

"तुले इचारलं असतं तं तू हो म्हटलं असतं का?"

ते खरं होतं, आणि म्हणूनच पंचफुलाबाईंचा राग वाढला. ही नथ आनंदाबाईंच्या सासूची. अल्लीपूरच्या झाड्यांच्या घरातली प्रत्येक लेक आणि या घरात आलेली प्रत्येक सून हीच नथ घालून लग्नाला उभी राहिली होती. आनंदाबाईंचे हात कापायला लागले तेव्हापासून नवरीच्या नाकात नथ घालायचं काम थोरल्या लेकीकडे आलं होतं. पंचफुलाबाई त्यासाठी केळझरहून आदल्या दिवशीच येत. चुलत बहिणी, पुतण्या, भावजया, सगळ्यांच्या नाकात त्यांनीच ती घातली होती, आणि एकीच्याही डोळ्यात पाणी येऊ दिलं नव्हतं. सासरी त्यांना असा मान कधी मिळाला नाही. माहेरी मात्र मिळत होता, तो या एका नथीपायी.

"आपल्यातल्या बाया डाव्या नाकात घालते," त्या म्हणाल्या. "आजवर उजव्या नाकात कोणं घातली?"

"आकांक्षाचं डावं नाक टोचता येत नाई, ते तुले माहीत आहे."

माहीत होतं. ते साऱ्या गावाला माहीत होतं. त्यांच्या भावाची, गोपालची, ही एकुलती एक लेक जन्मली तीच वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. ती चीर डाव्या नाकपुडीपर्यंत गेलेली. नागपूरला लहानपणीच दोनदा ऑपरेशन झालं. ओठ जुळला, बोलणं स्वच्छ झालं, पण ओठावर एक रेघ राहिली आणि डावी नाकपुडी चपटी, कडक होऊन बसली. त्या जागी पुन्हा सुई लावू नका, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. आता आकांक्षा समुद्रपूर तालुक्यात तलाठी होती. सातबाऱ्यासाठी येणारे म्हातारे तिला मॅडम म्हणत. पण गावातल्या लग्नात बायका अजूनही तिच्याकडे पाहताना आधी ओठाकडे पाहत, आणि मग घाईघाईने दुसरीकडे.

पंचफुलाबाईंनी त्याचा विचार केला होता. त्यांच्या पिशवीत वर्ध्याहून आणलेली दुसरी नथ होती, दाबाची, टोचल्याशिवाय नाकाला बसणारी. मोती चांगले ठसठशीत होते. ती डाव्या बाजूला लावली की नाकपुडीही झाकली जाणार होती आणि ओठावरची रेघही. हिंगणीहून येणाऱ्या महाकाळकरांच्या, नवरदेवाकडच्या बायकांनी नवरीच्या तोंडाकडे पाहावं आणि त्यांना मोती दिसावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

"मी तिच्या भल्यासाठीच करून राह्यली," त्या म्हणाल्या आणि पिशवी घेऊन मागच्या खोलीकडे निघाल्या.

"तिले इचारजो आधी," आनंदाबाई मागून म्हणाल्या.

*

मागच्या खोलीत आकांक्षा पिवळा शालू नेसून स्टुलावर बसली होती. पार्लरवाली रूपाली तिच्या केसांत गजरा माळत होती. आत्या आल्या, त्यांनी काही न बोलता आकांक्षाची हनुवटी धरली आणि दाबाची नथ डाव्या नाकपुडीला लावली.

नथ क्षणभर टिकली. मग घसरून मांडीवर पडली.

आत्यांनी ती उचलून परत लावली, या वेळी जोर देऊन. आकांक्षाने डोळे मिटून घेतले. तिला राग आला नव्हता. लहानपणापासून लोकांनी तिच्या या बाजूला काही ना काही लावून पाहिलं होतं. मलम, पावडर, शाळेच्या गॅदरिंगमध्ये ओढणीचा पदर. आत्यांच्या बोटांना तुळशीचा वास येत होता आणि ती बोटं प्रेमानेच दाबत होती, हेही तिला समजत होतं. नथ पुन्हा पडली. त्या चपट्या नाकपुडीला धरून राहायला कडच नव्हती.

"गोंद लावू का थोडा?" रूपाली म्हणाली. "पापण्या लावायचा आहे माह्याकडे."

"काही लावू नको." आकांक्षाने मांडीवरची नथ उचलून आत्यांच्या हातात दिली आणि त्यांचा हात तसाच धरून ठेवला. "आत्या, बस इथं. तुले सांगायचं होतं, पण हिंमत झाली नाई."

"आजीले सांगाची झाली तं."

"आजी रागावत नाई. तू रागावते." आत्या हसल्या नाहीत. आकांक्षा पुढे बोलत राहिली. "मागच्या उन्हाळ्यात मी उजवं नाक टोचलं तवा तू म्हटलं, फॅशन करून राह्यली. फॅशन नव्हती ते. नीलेशसोबत जमलं, अन् घरी आल्यावर मले पयले नथच आठवली. माह्या लग्नात तू डबी उघडशीन अन् माह्या तोंडाकडे पाहून परत बंद करशीन, असं वाटलं. मले ते पाह्यचं नव्हतं. म्हणून टोचलं."

"दाबाची आणली ना मी."

"ते झाकाले आणली, आत्या. मले झाकाचं नाई. नीलेशनं पाह्यलं आहे, त्याच्या आईनं पाह्यलं आहे. डावीकडे जे आहे ते आहे. उजवीकडे जागा चांगली आहे, तिथं घालते. अन् दाबाची नाई, आपल्या घरची."

आत्यांनी हात सोडवून घेतला. "घाल मंग," त्या म्हणाल्या. "ज्याइनं नथ फिरवली त्याइच्याच हातानं घाल. मी नाई हात लावत." आणि त्या भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. उठून मात्र गेल्या नाहीत.

मग आकांक्षाने आरशात पाहून उजव्या नाकातली चमकी काढायला घेतली, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. चमकीला मागून बारीक फिरकी होती. कालच्या हळदीत चुलत बहिणींनी तिचं तोंड असं माखलं होतं की हळद नाकात जाऊन फिरकीभोवती वाळून बसली होती. फिरकी हलेना. रूपालीने चिमट्याने प्रयत्न केला. नाकपुडी लाल झाली, नंतर सुजली, रक्ताचा ठिपकाही दिसला. रूपाली घाबरून मागे सरकली.

"ताई, मी नाई करत आता. नाक फुगलं तं मेकप बसणार नाई."

बाहेर मांडवात गोपालचा आवाज आला. तो कुणाला तरी सांगत होता, वरात फाट्यावरून निघाली म्हणून.

*

मंजुषा सैपाकघरात बुंदीची परात झाकत होती. पोरीचं नाक अडलं आहे, हे तिला एका बाईकडून कळलं. ती हात न पुसताच आत आली.

आकांक्षाची आई म्हणून या घरात तिला जे ऐकावं लागलं होतं, त्याची सुरुवात पोरगी जन्मली त्याच आठवड्यात झाली होती. पोटुशी असताना मंजुषानं ग्रहणात विळीवर काही कापलं, म्हणून पोरीचा ओठ कापला गेला. कुणी तरी एकदा म्हटलं आणि मग ते गावभर झालं. मंजुषाने कधी वाद घातला नाही. लेकीला कडेवर घेऊन ती नागपूरच्या फेऱ्या करत राहिली. त्या दवाखान्यात तशीच बाळं घेऊन बसलेल्या कितीतरी बायका तिने पाहिल्या. ग्रहण नसलेल्या महिन्यांतलीही बाळं होती. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं, ते तिला समजलंही. पण घरी येऊन ते बोलावं, एवढा आवाज तिला त्या काळी नव्हता.

तिने लेकीच्या नाकाकडे पाहिलं, मग रूपालीला म्हणाली, "कोमट पाणी आण, मीठ टाकून. अन् खोबऱ्याचं तेल."

"रक्त येऊन राह्यलं, मंजुषा," खुर्चीवरून पंचफुलाबाई म्हणाल्या. त्या कितीही रागावल्या तरी त्यांचं लक्ष तिकडेच होतं. "राहू दे आता. शुभ दिवशी रक्त बरं नाई. लोक पुन्हा म्हणतीन, मायच्या हातानंच..."

त्या थांबल्या, पण उशीर झाला होता.

मंजुषा कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवत होती. तिने तो पिळला, लेकीच्या नाकपुडीला आतून-बाहेरून लावून धरला आणि मान न वळवता बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"बाई, त्या ग्रहणाच्या दिवशी तुमी माहेरी आलत्या. आठवते?"

"आठवते."

"तुमीच मले या खोलीत बसवलं. खिडकीले गोधडी लावली. अन् मी बाहेर येऊ नये म्हणून दाराले बाहेरून कडी लावली. ग्रहण सुटल्यावर तुमीच काढली. अंघोळीले पाणी तुमीच दिलं."

पंचफुलाबाईंनी दाराच्या कडीकडे पाहिलं.

"खोलीत विळी नव्हती, भाजी नव्हती. मंग मी कापलं कवा?"

दारात आनंदाबाई येऊन उभ्या होत्या, हाताला कुंकू लागलेलं तसंच. आकांक्षा आरशातून आईकडे पाहत राहिली. तिने आईला या घरात इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"अन् कापलं असतं तरी काही झालं नसतं," मंजुषा म्हणाली. "असे पोरं होते, दुरुस्तही होते. डॉक्टरनं सांगतलं मले. मीच तुमाले सांगतलं नाई, ते माहं चुकलं. आता सांगतलं."

तिने बोळा काढला. हळद विरघळून कापसावर पिवळी उतरली होती. तेलाचा थेंब सोडून तिने अंगठ्याच्या नखाने फिरकीची कड धरली. पहिल्यांदा नख सटकलं. दुसऱ्यांदा फिरकी किंचित हलली. आकांक्षाने श्वास रोखून धरला.

"तोंडानं श्वास घे, बेटा," मंजुषा म्हणाली. आणि मग फिरकी फिरायला लागली, एक आटा, दुसरा आटा, आणि चमकी तिच्या तळहातावर येऊन पडली.

तिने नथ उचलली. चमकीच्या दांडीपेक्षा नथीची तार जाड होती. सुजेमुळे छिद्राचं तोंड बारीक झालं होतं. तार बाहेरून आत जाई आणि मध्येच अडे. आतलं छिद्र कुठे आहे ते तिला सापडत नव्हतं.

दारात गोपाल आला. डोक्याला फेटा, कपाळाला घाम. "अवं, वरात शाळेपाशी आली. नवरी तयार आहे का?" त्याने साऱ्या जणींकडे आळीपाळीने पाहिलं आणि आवाज उतरवला. "बॅंडवाल्याले सांगतो, अजून दोन गाणे वाजव म्हणून," असं म्हणून तो गेला.

मंजुषाने पुन्हा तार लावली. आकांक्षाच्या डोळ्यात पाणी तरळलं.

"सरक," पंचफुलाबाई म्हणाल्या.

*

त्या खुर्चीवरून कधी उठल्या ते कुणाला कळलं नाही. त्यांनी मंजुषाच्या हातातून नथ घेतली. मग आपल्या रोजच्या जागेवर, नवरीच्या डाव्या बाजूला, उभ्या राहिल्या आणि अडखळल्या. या बाजूने हात पोचत नव्हता. इतक्या नवरीमुलींना नथ घातली, पण प्रत्येक वेळी उजव्या हातात तार आणि डाव्या हाताचं बोट नाकाच्या आत. इथे सगळंच उलटं होतं. त्या आकांक्षाला वळसा घालून पलीकडे गेल्या, नथ डाव्या हातात घेतली आणि उजवी करंगळी तेलात बुडवली.

"मंजुषा, तिचं डोकं धर. तुह्या पोटाले टेकव."

मंजुषाने लेकीचं डोकं मागून धरलं. दोघी नणंदा-भावजया इतक्या जवळ कितीतरी वर्षांत उभ्या राहिल्या नव्हत्या. पंचफुलाबाईंच्या कानामागचे पांढरे केस तिला दिसत होते, आणि त्यांचा खालचा ओठ दातात धरलेला.

पंचफुलाबाईंनी करंगळीचं टोक नाकपुडीत आतून लावून ठेवलं. बाहेरून तारेचं टोक टेकवलं, पण लोटलं नाही. तार नुसती बोटात फिरवत राहिल्या. आतल्या बोटाला टोक लागेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. फक्त आज ते हात अदलाबदल झाले होते. आता त्यांना कुणाची मदत नको होती, हे आनंदाबाईंना दारातून ओळखता येत होतं. थोरली लेक लहानपणीही सुईत दोरा ओवताना अशीच ओठ दातात धरायची आणि कुणी मदत करू गेलं की हात झटकायची.

"आकांक्षा," पंचफुलाबाई म्हणाल्या, "नीलेशच्या घरी म्हशी किती आहेत वं?"

"अं? मले माहीत..."

तार आत गेली.

आकांक्षाला कळेपर्यंत आत्यांनी तिचं टोक कडीत अडकवूनही टाकलं होतं. त्यांनी नथ हलकेच झुलवून पाहिली, मोती खाली-वर सरळ केले, एक पाऊल मागे सरकल्या. नथ उजव्या गालावर टेकली होती, मोत्यांचं तोंड लोकांकडे. डावी बाजू होती तशी, उघडी. रेघही दिसत होती, आणि ती रेघ दिसत असतानाच पोरगी सुंदर दिसत होती. पंचफुलाबाईंना हे असं एकत्र पाहायची सवय नव्हती. त्यांनी पुन्हा नीट पाहिलं.

"दुखलं का?" त्यांनी विचारलं.

"नाई," आकांक्षा म्हणाली. मग खरं सांगितलं. "थोडं."

"थोडं चालते."

त्यांनी मंजुषाकडे पाहिलं. मग त्यांनी आपल्या पदराने मंजुषाचे तेलकट, बुंदीचा पाक लागलेले हात पुसून दिले, एकेक बोट धरून, आणि मंजुषाने ते पुसू दिले.

"चाल, तिले घेऊन," पंचफुलाबाई म्हणाल्या. "एका बाजूनं तू धर, एका बाजूनं मी."

*

मांडवात आधी कुजबुज झाली. ती आकांक्षाला ऐकू आली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या, आणि मधून ती मान वर करून चालत होती. मान खाली घातली तर नथ ओठावर येत होती, त्यामुळे तिला वरच पाहावं लागत होतं, आणि वर पाहिल्यावर सगळ्यांचे चेहरे दिसत होते. बायका आधी नथीकडे पाहत होत्या, मग डोळ्यांकडे. तिच्या ऑफिसातले कोतवाल मागच्या रांगेत उभे राहून पाहत होते.

आंतरपाट दूर झाला तेव्हा नीलेशने तिच्या नथीकडे पाहिलं आणि भटजींचं म्हणणं अर्ध्यावर असतानाच विचारलं, "जमलं?"

"जमलं," ती म्हणाली.

अक्षतांचा इतका मारा झाला की भटजींनी पोथीवर हात धरला. बॅंडवाल्यांनी तिसरं गाणं सुरू केलं. गोपाल मांडवाच्या खांबाला धरून रडत होता आणि कुणी विचारलं तर घाम आहे म्हणून सांगत होता.

जेवणाच्या पंगतीत महाकाळकरांच्या बायका एका ओळीत बसल्या होत्या. पंचफुलाबाई स्वतः त्यांना वरण वाढायला गेल्या. नीलेशच्या काकूंनी पानावरून वर पाहिलं. "बाई, इचारू का एक? तुमच्या पोरीची नथ उजव्या नाकात कशी?"

मंजुषा मागून पोळ्या घेऊन येत होती. ती जागीच थांबली. पलीकडे आनंदाबाई खुर्चीवर बसून मठ्ठ्याचा पेला ओठाशी नेत होत्या, त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

पंचफुलाबाईंनी वरणाची पळी हंड्यात ठेवली. "आमच्या झाड्याइच्या घरची आहे ते नथ," त्या म्हणाल्या. "मोठी जुनी. माह्या आजीची. मीच घालून देते सगळ्याइले."

"पण उजव्या..."

"आमच्याकडे उजव्याही नाकात घालते." त्यांनी काकूंच्या भातावर वरण ओतलं, जरा जास्तच. "ज्या पोरीले जशी शोभते तशी. तुमच्याकडे नाई का घालत?"

काकूंनी भात कालवला, शेजारणीकडे पाहिलं. "आमच्याकडे नाई पाह्यली," त्या म्हणाल्या. मग आकांक्षाकडे नजर टाकून, "चांगली दिसते पण."

"दिसणारच," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे सरकल्या.

आनंदाबाईंनी मठ्ठा पिऊन टाकला. मंजुषा पोळ्या वाढत पुढे गेली आणि नवरा-नवरीच्या पाटापाशी येऊन थांबली. नीलेश घास देत होता, पण नथ मध्ये येत होती आणि बुंदी शालूवर सांडत होती. लेकीने आयुष्यात पहिल्यांदाच नथ घातली होती. ती घालून जेवायचं कसं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मंजुषा खाली बसली.

"बोटानं उचल तिले," ती म्हणाली. "अशी. वर धर अन् मंग तोंड उघड."

आकांक्षाने डाव्या हाताच्या एका बोटाने नथ वर धरली, तोंड मोठं उघडलं आणि अख्खा घास घेतला. सकाळपासून ती उपाशी होती. तो संपायच्या आत तिने दुसऱ्यासाठी तोंड पुढे केलं.